ट्रॅक्टरला अवजारे जोडण्याच्या शीघ्रजोडाची निवड

ट्रॅक्टर घेणारा शेतकरी इंजिनाची अश्वशक्ती विचारतो, टायरचा आकार पाहतो आणि तासाला डिझेल किती लागेल याची बारकाईने चौकशी करतो. परंतु ज्या तीन खुंट्यांवर अवजार तोलले जाते, त्या खुंट्यांची जाडी विचारणारा शेतकरी क्वचितच आढळतो. वास्तविक नांगर, कल्टिव्हेटर, पेरणी यंत्र किंवा रोटाव्हेटर यांपैकी कोणतेही अवजार असो, त्याचे सर्व वजन आणि जमिनीची सर्व ओढ या तीन खुंट्यांवरच येते. त्या बरोबर नसतील, तर उत्तम ट्रॅक्टर आणि उत्तम अवजार यांची जोडी जमत नाही.

हंगामाच्या दिवसांत हा प्रश्न विशेष जाणवतो. पाऊस उघडला, वाफसा आला, की एका दिवसात कल्टिव्हेटर सोडून पेरणी यंत्र जोडावे लागते. संध्याकाळी पुन्हा दुसऱ्याच्या शेतावर रोटाव्हेटर न्यावयाचा असतो. अशा वेळी एक माणूस ट्रॅक्टर मागे घेत असतो आणि दुसरा ट्रॅक्टर व अवजार यांच्या मधल्या जागेत उभा राहून, पहारीने अवजार सरकवीत, “आणखी थोडा मागे, आणखी थोडा” असे सांगत असतो. क्लचवरून पाय निसटला, तर त्या मधल्या माणसाला सुटण्यास जागा उरत नाही. अवजार जोडताना वेळ वाया जातो ही तक्रार सर्वत्र ऐकू येते, पण या मधल्या माणसाचा विचार त्या मानाने कमी होतो.

ही जोडणी लवकर व्हावी आणि शक्यतो चालकाने आसनावर बसूनच करावी, यासाठी निरनिराळी साधने निघाली आहेत. बाजारात त्यांना ‘क्विक हिच’ किंवा ‘क्विक कपलर’ म्हणतात. या लेखात त्यांस शीघ्रजोड असे म्हटले आहे. ही साधने उपयुक्त आहेत यात शंका नाही, तथापि ती सर्वांना सारखीच उपयुक्त नाहीत. शिवाय आपल्याकडील अवजारांची मापे न पाहता शीघ्रजोड विकत घेतला, तर तो गोठ्याच्या कोपऱ्यात गंजत पडण्याचाच संभव अधिक. यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी खरेदीपूर्वी कोणत्या गोष्टी पाहाव्यात, याचे विवेचन पुढे केले आहे.

त्रिबिंदू जोडणी म्हणजे काय

प्रारंभीच्या काळात ट्रॅक्टर म्हणजे केवळ लोखंडी बैल होता. त्याच्या मागे साखळीने किंवा दांड्याने अवजार बांधीत आणि तो ते ओढीत असे. नांगराचा फाळ दगडात किंवा मुळात अडकला, की मागची चाके फिरत राहत, ट्रॅक्टरचा पुढचा भाग वर उचलला जाई आणि प्रसंगी ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटे. आयर्लंडमधील यंत्रज्ञ हॅरी फर्ग्युसन यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात या दोषाकडे लक्ष दिले. खाली दोन भुजा आणि वर एक दुवा अशा तीन ठिकाणी अवजार ट्रॅक्टरला जोडावे, म्हणजे दोन्ही मिळून एकच यंत्र होईल, असा विचार त्यांनी पूर्णतेस नेला. १९३६ साली फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर आणि १९३९ साली अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या ट्रॅक्टरवर ही रचना बाजारात आली. आज जगभरातील बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागे जी ‘थ्री पॉइंट लिंकेज’ दिसते, ती हीच होय.

या रचनेत खालच्या दोन भुजा अवजार ओढतात व उचलतात. वरचा दुवा, म्हणजे टॉपलिंक, अवजाराचा कल राखतो. नांगरणी करताना जमीन जड लागली, की बहुतेक ट्रॅक्टरांत टॉपलिंकवरचा दाब वाढतो आणि त्या दाबाची जाणीव होऊन हायड्रॉलिक अवजार थोडे वर घेते. सबब, टॉपलिंक ही केवळ अवजार पडू नये म्हणून लावलेली दांडी नव्हे. जोडणीच्या साधनाने तिची जागा किंवा तिरकेपणा बदलला, तर नांगराच्या खोलीवरही परिणाम होतो. ओढण्याचे ओझे टॉपलिंकच्या जागी कधीही बांधू नये हे येथेच सांगितले पाहिजे. ट्रॉली किंवा लाकडाचा ओंडका त्या उंचीवरून ओढू लागताच ट्रॅक्टर मागे उलटण्याची परिस्थिती आपण स्वतःच निर्माण करतो.

आधी खुंट्या मोजाव्यात

सर्व कंपन्यांची अवजारे सर्व ट्रॅक्टरांना जोडता यावीत म्हणून या जोडणीच्या श्रेणी ठरविल्या आहेत. आंतरराष्ट्रीय प्रमाण ७३० आणि भारतीय मानक ४४६८ यांत त्या दिल्या आहेत. आपल्याकडील शेतकऱ्यास प्रामुख्याने पहिल्या व दुसऱ्या श्रेणीशी काम पडते. पहिल्या श्रेणीत अवजाराच्या खालच्या खुंट्या सुमारे २२ मि. मी. आणि टॉपलिंकची खुंटी सुमारे १९ मि. मी. जाडीची असते. दुसऱ्या श्रेणीत हीच मापे सुमारे २८ मि. मी. आणि २५ मि. मी. अशी आहेत. खालच्या दोन जोडबिंदूंमधील रुंदी पहिल्या श्रेणीत ६८३ मि. मी., तर दुसऱ्या श्रेणीत ८२५ मि. मी. असते. फळबागांत चालणाऱ्या अगदी लहान ट्रॅक्टरांसाठी पहिल्या श्रेणीचाच एक अरुंद प्रकार असून त्यात ही रुंदी केवळ ४०० मि. मी. असते.

अश्वशक्तीवरून श्रेणी ओळखता येईल असा पुष्कळांचा समज असतो. तो पूर्णपणे बरोबर नाही. पी. टी. ओ.वर मिळणाऱ्या शक्तीच्या हिशेबाने पहिली श्रेणी ४८ किलोवॅटपर्यंत, म्हणजे सुमारे ६४ अश्वशक्तीपर्यंत चालते. दुसरी श्रेणी ३० किलोवॅटपासून, म्हणजे सुमारे ४० अश्वशक्तीपासून सुरू होते. अर्थात ४० ते ६४ अश्वशक्तीच्या टापूत दोन्ही श्रेणी संभवतात. शेजाऱ्याच्या आणि आपल्या ट्रॅक्टरची शक्ती सारखी आहे, म्हणून त्याचा शीघ्रजोड आपल्या अवजारांना बसेलच असे नाही. सरकत्या मोजपट्टीने खुंटी मोजणे हाच खात्रीचा उपाय होय. गावच्या लोहारकामाच्या किंवा वेल्डिंगच्या दुकानात अशी मोजपट्टी बहुधा मिळते आणि पाच मिनिटांत सर्व अवजारांची मोजणी होऊ शकते.

मोजताना खुंटीची झीजही पाहावी. खुंटीवरून नख फिरवले असता पायरी लागत असेल, तर ती खुंटी झिजली आहे असे समजावे व बदलावी. पहिल्या श्रेणीची खुंटी दुसऱ्या श्रेणीच्या भुजेत तशीच अडकवून कित्येक वर्षे काम चालविल्याची उदाहरणे खेडोपाडी दिसतात. मध्ये सुमारे ६ मि. मी. पोकळी राहत असल्याने प्रत्येक धक्क्यासरशी खुंटी आदळते, भोक लांबट होते आणि शेवटी लिंच पिन तुटते. तुटलेल्या लिंच पिनच्या जागी सळईचा तुकडा वाकवून घालण्याची पद्धत तर सर्वांच्या परिचयाची आहे. अशी सळई शेतात निसटली तर अवजार एका बाजूस पडते. रस्त्यावर निसटली तर मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या जिवावर बेतू शकते. दोन श्रेणींतील फरक भरून काढण्यासाठी पोलादी बुश मिळतात. त्यांचा खर्च अल्प असून ते प्रत्येक अवजारावर कायमचे बसवून ठेवावेत.

हा सर्व प्रपंच शीघ्रजोडाच्या आधी सांगण्याचे कारण असे की, शीघ्रजोडाचे आकडे ठरावीक मापाच्या खुंटीवरच पक्के बसतात. खुंट्या एका मापाच्या नसतील, तर उत्तम प्रतीचा शीघ्रजोडही एका अवजारास घट्ट, दुसऱ्यास ढिला आणि तिसऱ्यास निरुपयोगी ठरतो.

कोणास गरज आहे

ज्याच्याकडे एक कल्टिव्हेटर आणि एक ट्रॉली आहे, त्यास शीघ्रजोडाची आवश्यकता नाही, असे स्पष्टपणे सांगावयास हरकत नाही. ट्रॉली ही ओढण्याच्या हुकाला लागते, तीन बिंदूंना नव्हे. राहिलेले एकच अवजार हंगामात दोन-चार वेळा जोडावे लागते. अशा शेतकऱ्याने नव्या खुंट्या, नव्या लिंच पिना आणि जोडणीची योग्य पद्धत एवढ्यावर समाधान मानावे.

ही पद्धत सोपी आहे. अवजार सपाट व टणक जागेवर ठेवावे. ट्रॅक्टर सरळ मागे घेऊन थांबवावा, गिअर सोडवावा, हँडब्रेक लावावा, इंजिन बंद करावे आणि त्यानंतरच मधल्या जागेत जावे. प्रथम डावी भुजा जोडावी. नंतर उजवी जोडावी. बहुतेक ट्रॅक्टरांत उजव्या उचलदांड्यास लांबी कमी-जास्त करण्याचे हँडल असते, त्यामुळे थोडा फरक सहज भरून निघतो. शेवटी टॉपलिंक जोडावी. सोडताना हाच क्रम उलटा करावा. ट्रॅक्टर चालू असता मध्ये माणूस उभा करण्याची गरज या पद्धतीत मुळीच पडत नाही. एकदा चुकले तर पुन्हा आसनावर बसून ट्रॅक्टर हलवावा लागतो, हा त्रास खरा; परंतु तो पत्करावा.

याउलट भाड्याने ट्रॅक्टर चालविणारा, ज्यास दिवसातून तीन-तीन वेळा अवजार बदलावे लागते, त्यास शीघ्रजोडाचा खर्च जड वाटू नये. २०१४-१५ पासून केंद्र शासनाच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाखाली ज्या अवजार बँका व भाडेकेंद्रे निघाली, त्यांनाही हेच लागू आहे; मात्र त्यांच्या अडचणी वेगळ्या असल्याने त्यांचा विचार पुढे केला आहे. नाशिक व सांगली भागांतील द्राक्षबागाईतदारांची निकडही अशीच आहे. ऑक्टोबरमधील गोड्या छाटणीनंतर पाऊस किंवा दव पडले, की डाऊनीच्या भीतीने फवारणीचा ब्लोअर तातडीने जोडावा लागतो. फवारणी उरकली की त्याच लहान ट्रॅक्टरला ओळींमध्ये रोटाव्हेटर चालवावयाचा असतो. तेथे अर्धा तास वाचणे म्हणजे सकाळची एक फवारणी वेळेवर होणे होय. शिवाय बागेतील ट्रॅक्टरवर बहुधा एकटाच चालक असतो, मदतीस दुसरा माणूस नसतो.

शीघ्रजोडाचे प्रकार

सर्वांत साधा प्रकार म्हणजे सरकती टोके. यात खालच्या भुजांची टोके खटका दाबला असता काही इंच बाहेर ओढता येतात. ट्रॅक्टर अंदाजाने मागे घ्यावा, इंजिन बंद करून उतरावे, टोके ओढून खुंट्यांवर बसवावीत आणि मग ट्रॅक्टर किंचित मागे घेतला, की टोके आपोआप आत जाऊन अडकतात. शेवटच्या हालचालीच्या वेळी सर्वांनी बाजूस उभे राहावे. काही ट्रॅक्टरांवर ही सोय कारखान्यातूनच येते. यात अवजाराची जागा बदलत नाही, वजन वाढत नाही आणि प्रत्येक अवजारावर काही बसवावेही लागत नाही. आसनावरून उतरावे लागते एवढीच यातील उणीव. आमच्या मते मध्यम शेतकऱ्यास हा प्रकार पुरेसा आहे आणि नवा ट्रॅक्टर घेताना त्याची मागणी अवश्य करावी.

दुसरा प्रकार कमानीचा. उलट्या ‘यू’ अक्षरासारखी पोलादी चौकट ट्रॅक्टरच्या तिन्ही बिंदूंवर कायम बसविलेली असते. तिला खाली दोन व वर एक असे आकडे असतात. ट्रॅक्टर मागे घेऊन कमान अवजाराच्या खुंट्यांखाली न्यावयाची आणि लिफ्ट उचलावयाची, की तिन्ही खुंट्या आकड्यांत बसतात व खालचे खटके मिटतात. पाहणाऱ्यास हा प्रकार फार आकर्षक वाटतो, आणि सपाट जागेवर सारख्या मापाची अवजारे असतील तर तो खरोखरच चांगले काम देतो. परंतु याच प्रकारात फसगतीही अधिक होतात.

पहिली अडचण उंचीची आहे. अवजाराच्या खालच्या खुंट्यांपासून टॉपलिंकच्या भोकापर्यंतची उभी उंची, ज्यास मास्टची उंची म्हणतात, ती पहिल्या श्रेणीच्या सामान्य अवजारात सुमारे ४६० मि. मी. असते. अमेरिकी प्रमाणानुसार बनविलेल्या लहान कमानीत मात्र वरचा आकडा खालच्या आकड्यांपासून सुमारे ३८१ मि. मी., म्हणजे १५ इंच, उंचीवर असतो. अवजाराच्या मास्टला त्या उंचीवर दुसरे भोक नसेल, तर खालचे दोन आकडे बसतात आणि वरचा रिकामा राहतो. काही कमानींत वरचा आकडा वर-खाली सरकविता येतो. आपल्याकडे निरनिराळ्या कारखान्यांची अवजारे असतील, तर अशीच कमान पाहावी. दुसरी अडचण जाडीची. या कमानीचे खालचे आकडे मूळच्या २२ मि. मी. खुंटीसाठी नसून तिच्यावर चढविलेल्या सुमारे ३६ मि. मी. बाहेरील जाडीच्या बुशासाठी असतात. बुश न चढविता नुसतीच खुंटी आकड्यात ठेवली, तर ती उभ्या वजनाने बसल्यासारखी दिसते; बांध ओलांडताना अवजार उसळले की खटक्यावर आदळते. प्रत्येक अवजारासाठी तीन बुश, असा हिशेब खरेदीच्या वेळीच धरावा.

तिसरा प्रकार त्रिकोणी जोडाचा. ट्रॅक्टरच्या बाजूस इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी त्रिकोणी चौकट आणि अवजाराच्या बाजूस तिच्यावर बसेल असा पोकळ त्रिकोण असतो. ट्रॅक्टर मागे घेऊन लिफ्ट उचलली, की त्रिकोणात त्रिकोण सरकतो व वरच्या टोकाशी एकच कुलूप लागते. चालकास वरचे टोक आसनावरून स्पष्ट दिसते आणि अवजार थोडे कलले असले तरी बाजू आपोआप जुळत जातात, हा याचा मोठा गुण. लहान ट्रॅक्टर व हलकी अवजारे यांना तो विशेष सोयीचा आहे. मात्र प्रत्येक अवजारावर त्रिकोण बसवावा लागतो, आणि निरनिराळ्या उत्पादकांचे त्रिकोण एकमेकांत बसतीलच असे नाही. एका उत्पादकाचा माल घेतला, की पुढील सर्व त्रिकोण त्याच मापाचे घ्यावे किंवा करवून घ्यावे लागतात.

चौथा प्रकार आकडा-टोकांचा. येथे चौकट नसते. भुजांच्या टोकांनाच वर तोंड असलेले आकडे असतात आणि अवजाराच्या खुंट्यांवर पोलादी गोळे चढविलेले असतात. आकडा गोळ्याखाली नेऊन उचलला, की खटका आपोआप मिटतो. सोडताना आसनाजवळ आणलेली दोरी ओढावी लागते. टॉपलिंकलाही असाच आकडा असतो. युरोपातील मोठ्या ट्रॅक्टरांवर ही रचना रूढ आहे. अवजार मागे सरकत नाही, वजन फारसे वाढत नाही आणि टॉपलिंकची मूळ जागा कायम राहते; त्यामुळे नांगरणीची खोली बिघडत नाही. तांत्रिकदृष्ट्या हा प्रकार सर्वांत निर्दोष म्हणावा लागेल. पण जुन्या ट्रॅक्टरला तो बसवावयाचा तर भुजाच बदलाव्या लागतात. भुजांची मूळ टोके कापून त्यावर आकडे वेल्ड करण्याचा मोह टाळावा. या भुजा तापवून कमावलेल्या पोलादाच्या असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळील पोलादाचे गुण बदलतात आणि तो भाग पूर्वीइतका विश्वासाचा राहत नाही.

मागे सरकलेले वजन

कमानीच्या प्रकारात अवजार सुमारे १०० मि. मी., म्हणजे चार इंच, मागे जाते. चार इंचांनी काय बिघडणार, असे कोणासही वाटेल. त्यासाठी एक हिशेब करून पाहावा.

समजा, ट्रॅक्टरचे वजन १,९०० कि. ग्रॅ. असून त्यापैकी ७६० कि. ग्रॅ. पुढील चाकांवर आहे. पुढच्या व मागच्या आसांतील अंतर १.९ मीटर आहे, आणि मागच्या आसापासून खालचे जोडबिंदू ०.९ मीटर मागे आहेत. रोटाव्हेटर ४५० कि. ग्रॅ.चा असून त्याचा गुरुत्वमध्य जोडबिंदूंच्या मागे ०.६ मीटरवर, म्हणजे मागच्या आसापासून १.५ मीटरवर आहे. रोटाव्हेटर उचलला असता ४५० ला १.५ ने गुणून १.९ ने भागले, तर सुमारे ३५५ येतात. तेवढे किलोग्रॅम पुढील चाकांवरून कमी होतात व तेथे ४०५ कि. ग्रॅ. उरतात. सुकाणू नीट चालण्यासाठी पुढील चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा असावा असा सर्वसाधारण नियम आहे. येथे तो ३८० कि. ग्रॅ. होतो. म्हणजे शीघ्रजोड नसता काम कसेबसे चालते.

आता ६० कि. ग्रॅ.ची कमान मध्ये बसविली. रोटाव्हेटर आसापासून १.६ मीटरवर गेला व त्यामुळे पुढून ३७९ कि. ग्रॅ. कमी झाले, कमानीच्या स्वतःच्या वजनाने आणखी सुमारे ३० कि. ग्रॅ. गेले. पुढे उरले केवळ ३५१. ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर कदाचित जाणवू देणार नाही. परंतु ओढ्यातून वर चढताना किंवा बांध ओलांडताना पुढची चाके हलकी पडून सुकाणू फिरविले तरी ट्रॅक्टर वळत नाही. पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे २५ कि. ग्रॅ.चे वजन बसविले, तर ही तूट जेमतेम भरून निघते. म्हणून कमानीबरोबर पुढील वजनांचाही खर्च धरावा.

लिफ्टच्या शक्तीबाबतही असेच आहे. जाहिरातीतील उचलशक्तीचा आकडा पुष्कळदा भुजांच्या टोकांवरील असतो. चाचणीत मात्र जोडबिंदूंच्या ६१० मि. मी. मागे भार ठेवूनही उचलशक्ती मोजतात, आणि तो आकडा लहान असतो. मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेच्या अहवालांत अशी मापे दिलेली असतात. विक्रेत्याकडे आपल्या ट्रॅक्टरचा चाचणी अहवाल मागावा आणि हाच आकडा पाहावा.

पी. टी. ओ. शाफ्ट

शीघ्रजोड घेतला की आसनावरून उतरावेच लागणार नाही, असे काही विक्रेते सांगतात. नांगर व कल्टिव्हेटरपुरते ते खरे आहे. रोटाव्हेटर, ब्लोअर किंवा मळणी यंत्र यांचा पी. टी. ओ. शाफ्ट मात्र हातानेच जोडावा लागतो आणि हायड्रॉलिक पलटी नांगराच्या नळ्याही हातानेच लावाव्या लागतात. त्या वेळी इंजिन बंद असलेच पाहिजे, पी. टी. ओ.चा दांडा तरफेवर ठेवून, इंजिन चालू ठेवून शाफ्ट चढविण्याचे धाडस कोणीही करू नये.

कमानीमुळे अवजार मागे गेले, की शाफ्टच्या एकमेकांत सरकणाऱ्या दोन नळ्यांची पकड तेवढीच कमी होते. काम करताना नळ्या निदान एक-तृतीयांश लांबीइतक्या एकमेकींत असाव्यात, आणि शाफ्ट सर्वांत आखूड होईल त्या स्थितीतही आत सुमारे २५ मि. मी. जागा मोकळी राहावी. पकड कमी पडत असेल तर लांब शाफ्ट घ्यावा. परंतु तो लांब शाफ्ट कमान नसलेल्या ट्रॅक्टरला लावला, तर अवजार वर-खाली करताना नळी तळास टेकते आणि सारा दाब ट्रॅक्टरच्या पी. टी. ओ.च्या बेअरिंगवर व रोटाव्हेटरच्या गिअरपेटीवर येतो. या एका कारणाने नवी अवजारे बिघडू शकतात, आणि दोष मात्र अवजाराच्या कारखान्यास दिला जातो.

अवजार बँकांची अडचण

अवजार बँकेत हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. बँकेचे रोटाव्हेटर आज शीघ्रजोड असलेल्या ट्रॅक्टरला, तर उद्या साध्या ट्रॅक्टरला लागते. सभासदांचे ट्रॅक्टर निरनिराळ्या श्रेणींचे असतात. शाफ्टची लांबी, बुश आणि मास्टची उंची या तिन्ही गोष्टी रोज बदलू लागल्या, तर शीघ्रजोडाने वाचणारा वेळ या फेरफारांतच खर्च होतो. अशा ठिकाणी एकतर बँकेच्या स्वतःच्या ट्रॅक्टरांवरच सर्वत्र एका प्रकारचा शीघ्रजोड असावा, किंवा कोणत्याच ट्रॅक्टरवर नसावा. बाहेरच्या ट्रॅक्टरांना अवजार भाड्याने देणाऱ्या केंद्राने आमच्या मते दुसरा मार्ग पत्करावा आणि शीघ्रजोडाचा पैसा खुंट्या, बुश व टेकू यांवर खर्च करावा. प्रत्येक अवजारावर त्याची श्रेणी, खुंट्यांची जाडी व मास्टची उंची रंगाने ठळक लिहून ठेवावी. भाड्याने नेणाऱ्यास ट्रॅक्टर आणण्यापूर्वीच जोड बसेल की नाही ते कळेल. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास हे काम एका दुपारी करवून घेता येण्यासारखे आहे.

टेकूचा उल्लेख वर आला. शीघ्रजोडाचे निम्मे यश अवजार कसे उभे करून ठेवले यावर अवलंबून असते. काळ्या मऊ जमिनीत सोडलेला रोटाव्हेटर एका रात्रीत एका बाजूस रुततो; मग एक आकडा खुंटीखाली जातो व दुसरा खुंटीवर आदळतो. प्रत्येक अवजारास योग्य उंचीचे टेकू असावेत आणि खळ्याच्या कडेला मुरूम टाकून कठीण केलेली एक पट्टी अवजारांसाठी राखून ठेवावी. खटक्यांत चिखल वाळला तर ते पूर्ण मिटत नाहीत. त्यांवर घट्ट ग्रीस चोपडू नये, कारण त्यास धूळ चिकटून बसते. पाण्याने धुऊन, वाळवून, पातळ तेलाचे चार थेंब सोडणे पुरे.

खरेदीच्या वेळी

शीघ्रजोड कारखान्याचा घ्यावा की गावच्या वेल्डिंगवाल्याकडून करवून घ्यावा, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्रिकोणी जोड चांगल्या कारागिराने माप घेऊन केला तर काम देतो. कमानीचे आकडे व खटके मात्र कापलेल्या साध्या पट्टीचे असू नयेत. खटक्याची स्प्रिंग सुटी मिळणारी व बदलता येणारी असावी, आणि खटका मिटला आहे की नाही हे आसनावरून डोळ्यांनी दिसावे. जो खटका दिसत नाही, तो मिटला आहे असे गृहीत धरू नये.

पैसे देण्यापूर्वी आपला ट्रॅक्टर आणि आपलीच दोन अवजारे, त्यांपैकी एक सर्वांत जड व एक सर्वांत जुने, विक्रेत्याच्या आवारात न्यावीत. दोन्ही आपण स्वतः आसनावर बसून जोडावीत. अवजार जमिनीपासून वीतभर उचलावे, लिफ्ट एकदा झटक्याने खाली-वर करावी, नंतर अवजार खाली टेकवून, इंजिन बंद करून दोन्ही बाजूंचे खटके हाताने तपासावेत. अवजार पूर्ण उचललेल्या व पूर्ण खाली सोडलेल्या अशा दोन्ही स्थितींत इंजिन बंद करून शाफ्टच्या नळ्या पाहाव्यात. उचललेल्या अवजाराखाली मात्र कोणी जाऊ नये. चेक चेन अशा आवळाव्यात की भुजांतील रुंदी खुंट्यांतील रुंदीइतकी राहील, आणि त्या स्थितीत साखळीच्या कडीवर रंगाची खूण करून घ्यावी. बिलावर शीघ्रजोडाची श्रेणी, त्याचे वजन आणि सोबत दिलेल्या बुशांची संख्या लिहून घ्यावी.